पाठीची माती आणि कागदावरचे गुण

“गुण कुठे लिहितात हो इथे?”

हा प्रश्न मला विचारला गेला तो बदलापूरच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या एका गावच्या जत्रेत. विचारणारे गृहस्थ माझे स्नेही. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. उल्हासनगरच्या सिंधी घरात जन्मले, मराठी तुमच्याआमच्याइतके साफ बोलतात, आणि रविवारी पहाटे उठून गोल्फ खेळायला चेंबूरला जातात. जत्रेतल्या कुस्त्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, म्हणून मी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो होतो.

भात निघाल्यावर मोकळे झालेले एक खाचर. ढेकळे फोडून, माती भुसभुशीत करून त्यात फड तयार केलेला. भोवती माणसांचे कडे, आणि एका अंगाला हलगी कडाडते आहे. आधी लहान पोरांच्या कुस्त्या. बक्षीस नारळ, नाहीतर रेवड्या. मग शंभराची, पाचशेची, हजाराची, अशी चढती भाजणी. फेटे बांधलेले पंच दोन पोरांना दंडाला धरून जवळजवळ उभे करतात, उंची पाहतात, अंग पाहतात, मान हलवतात. जोड ठरली की सलामी, आणि मग जे काय व्हायचे ते मातीत. माझ्या स्नेह्यांनी वही घेतलेला माणूस शोधला, घड्याळ शोधले, पाटी शोधली. काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी तो प्रश्न केला. मी उत्तर देण्याच्या आधीच पुढे बसलेले एक म्हातारबाबा मान वळवून म्हणाले, “गुण कशाला लिव्हायचे, सायेब? पाठ बघा ना पोराची. माती लागली का हरला!”

स्नेही क्षणभर थांबले आणि म्हणाले, “असं होय! म्हणजे हे मॅच प्ले आहे.”

अंबरनाथात ‘मॅच’ म्हटले की जुन्या माणसांना विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आठवतो. त्यांच्या मनात मात्र निराळे काही होते, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी ते मला समजावून दिले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. वाचकहो, मी इतिहासाचा माणूस. गोल्फची काठी मी हातात धरलेली नाही, आणि कुस्तीत मी फक्त चीत होण्याइतकाच उपयोगी होतो. पण हरणे आणि जिंकणे कशावरून ठरवायचे, या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या मातीत चांगलाच मुरलेला आहे.

आधी गोल्फचे थोडक्यात सांगतो. मैदानात अठरा ठिकाणी जमिनीत छोटी खळी असते, तिला होल म्हणतात. काठीने चेंडू मारीत मारीत तो त्या खळीत घालायचा. आता जिंकला कोण, हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत अशी की प्रत्येक होल ही एक स्वतंत्र झुंज. माझे चार फटके लागले, तुमचे पाच, तर तो होल माझा. पुढच्या होलला पुन्हा कोरी पाटी. ज्याने जास्त होल जिंकले तो विजयी. ही मॅच प्ले. दुसरी रीत अशी की अठराही होलांचे सगळे फटके मांडून बेरीज करायची आणि जिची बेरीज कमी तो खेळाडू पहिला. ही स्ट्रोक प्ले. फरक वरवर लहान दिसतो. समजा, एका होलला माझा चेंडू तळ्यात गेला आणि मी नऊ फटके खाल्ले, तुम्ही चारांत आटोपले. पहिल्या रीतीत माझा एक होल गेला, बस्स! दुसरीत मी पाच फटक्यांनी मागे पडलो आणि ती बेरीज संध्याकाळपर्यंत माझ्या मानगुटीवर बसली. माझे स्नेही म्हणाले, “हौसेने खेळणाऱ्या माणसाचा रविवार त्या एका तळ्यात बुडतो, प्रोफेसर.”

या दोन रीतींत जुनी कोणती? १७४४ साली स्कॉटलंडमध्ये लीथच्या मैदानावर एडिंबरोच्या सद्गृहस्थांनी तेरा नियम लिहून काढले आणि चांदीच्या काठीसाठी स्पर्धा लावली. तिथे ज्याने जास्त होल जिंकले तो श्रेष्ठ, असा ठराव होता. फटक्यांची बेरीज करण्याची पद्धत सेंट अँड्रूजला १७५९ साली नोंदलेली आढळते. म्हणजे माणसासमोर माणूस ही रीत आधीची, आणि बेरीज मागाहून आलेली. ती का आली, याचे कारणही साधे आहे. दोन माणसे असली तर झुंज लावता येते. दहापंधरा माणसे जमली आणि संध्याकाळपर्यंत एकालाच चांदीची काठी द्यायची झाली, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालणार कधी? तेव्हा सगळ्यांना एका मैदानावरून फिरवा आणि बेरजा ताडून पाहा. १८६० मध्ये प्रेस्टविकला आठ धंदेवाईक खेळाडूंची जी स्पर्धा झाली, आणि जिला पुढे ‘ओपन’ म्हणून जगभर मान मिळाला, ती बेरजेवरच झाली. विली पार्कने छत्तीस होल १७४ फटक्यांत पुरे केले. अमेरिकेतली धंदेवाईकांची मोठी स्पर्धा मात्र १९१६ पासून माणसासमोर माणूस या रीतीनेच चालली होती. १९५८ पासून तीही बेरजेवर गेली. यामागे टेलिव्हिजनचा हात होता. नामांकित खेळाडू पहिल्याच दिवशी कुणा अनोळख्याकडून हरून घरी गेला, तर शेवटच्या दिवशी कॅमेरा लावायचा कुणावर?

हा खेळ आपल्याकडे लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. साहेब लोकांनी आपल्यासाठी आणला आणि आपल्यापुरता ठेवला. चेंबूरचा क्लब १९२७ चा. असो. गोल्फच्या इतिहासात मला फार शिरायचे नाही. मला एवढेच दाखवायचे होते की मोजणी ही खेळात जन्मत नाही. ती गर्दीबरोबर येते.

आता आपल्या मातीकडे वळू.

मल्लविद्या आपल्याकडे किती जुनी आहे हे सांगायला पुराणांत जायची गरज नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात मल्लविनोद म्हणून एक प्रकरण आहे. (त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्या शेजारचे कल्याण नव्हे. हा घोटाळा माझे विद्यार्थी दरवर्षी न चुकता करतात.) अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख १०६० सालचा, शिलाहारांच्या काळचा, तेव्हा हा ग्रंथ त्या मंदिरानंतर सत्तरएक वर्षांनी झाला असे समजा. त्यात मल्लांच्या प्रती लावल्या आहेत, त्यांच्या आहाराची, मेहनतीची, आखाड्याची व्यवस्था सांगितली आहे. राजापुढे लढणाऱ्या मल्लांचीही प्रतवारी करावी लागत होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जोड बरोबरीची हवी, हा विचार त्या काळापासून आहे. जत्रेतला फेटेवाला पंच पोराचा दंड चाचपून पाहतो तेव्हा तो हेच करीत असतो.

माझ्या स्नेह्यांनी त्या वाटेवर मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. हे आजोबा नातवंडांना मलाखड्याच्या गोष्टी सांगत. मलाखडा ही सिंधची कुस्ती. दोघे मल्ल एकमेकांच्या कमरेला पीळ घातलेले कापड बांधतात, ते धरूनच जोर लावायचा आणि समोरच्याला जमिनीवर टाकायचे. तिथेही वही नाही, पाटी नाही. तो पडला, एवढे बस्स! “आजोबा सांगायचे तेव्हा मला वाटायचं, ही काहीतरी लांबची, परक्या मुलखातली गोष्ट असणार,” ते म्हणाले. “आणि आज बदलापुरात बघतो तर तेच!” बैराण्यांत राहिलेल्या त्या माणसांनी किती गोष्टी बरोबर आणल्या आणि किती तिकडेच ठेवल्या, यावर कुणीतरी लिहायला हवे. हा त्याचा प्रसंग नव्हे.

निकाली कुस्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाठ टेकली, अस्मान दिसले, कुस्ती संपली. अर्धा तास तुम्ही वरचढ असा, दहा वेळा पट काढा, समोरच्याला मातीत घोळसा. त्याचा हिशेब शून्य. शेवटच्या क्षणी त्याने ढाक लावून तुम्हाला उलटवले की तो जिंकला. दोष असला तर हाच आहे, आणि गोडीही यातच आहे.

परंतु या रीतीला एक अडचण आहे. पाठ टेकलीच नाही तर काय करायचे?

१९१० मध्ये गामा लंडनला गेला. सप्टेंबरच्या १० तारखेला पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. झिबिस्को अंगाने गामाहून कितीतरी भारी. पण गामाचा हात लागताच तो पालथा पडला आणि चटईला चिकटून राहिला. अडीच तासांवर कुस्ती चालली. गामा वर, झिबिस्को खाली. पण पोट खाली, पाठ वर! निकाल नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली तर झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्याला दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. पण १९१० च्या त्या अडीच तासांत जो बसून होता त्या प्रेक्षकाचा विचार करा. कोण श्रेष्ठ, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळले होते. नियमाला ते कळायची सोय नव्हती.

याहून मोठा प्रकार १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये झाला. रशियाकडून उतरलेला मार्टिन क्लाइन हा एस्टोनियाचा मल्ल आणि फिनलंडचा आसिकाइनेन यांची उपांत्य कुस्ती उन्हात, उघड्यावर लागली आणि चालली अकरा तास चाळीस मिनिटे! मधूनमधून विसावा मिळत होता, पण कुस्ती तीच. शेवटी क्लाइन जिंकला, आणि इतका थकला की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. सुवर्णपदक न लढता स्वीडनच्या मल्लाकडे गेले. त्याच स्पर्धेत दुसऱ्या वजनी गटातली अंतिम कुस्ती नऊ तास चालूनही निकाल लागेना, तेव्हा पंचांनी ती थांबवली आणि दोघांनाही दुसरा क्रमांक दिला. पहिला कुणीच नाही!

हे १९१२ साल आपल्याही इतिहासात आहे. त्याच वर्षी कोल्हापूरला शाहू महाराजांचे खासबाग मैदान बांधून पुरे झाले. कुठूनही बसले तरी मधला हौदा नीट दिसावा अशी त्याची रचना. म्हणजे पाहा, एकीकडे युरोपला कळून चुकत होते की नुसत्या पाठीवर निकाल सोपवला तर स्पर्धा संपत नाहीत, आणि त्याच सुमारास आपण निकाली कुस्तीसाठी कायमचे मैदान उभारीत होतो. यात कोण पुढे, कोण मागे, असे मी म्हणणार नाही. त्यांना थोड्या दिवसांत अनेक देशांचे मल्ल निकालात काढायचे होते. आपल्याला एका संध्याकाळी दोन नामांकित मल्लांची जोड पाहायची होती. गरज वेगळी, म्हणून नियम वेगळा.

त्यानंतर ऑलिंपिकमध्ये वेळेची मर्यादा आली, पंचांचा कौल आला, आणि पुढे डावागणिक गुण आले. आणि या बदलाच्या वाटेवर आपला माणूस उभा होता. साताऱ्याकडचे, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला ते गेले ते मातीत तयार झालेले मल्ल म्हणून. गादी नवी, नियम नवे. तरी सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव करताना राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मी प्राध्यापक असल्यामुळे ती मला जरा जास्तच आवडते. हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीईकडून आणि सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोवकडून ते हरले. आणि ब्राँझपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथे जरा थांबा. दोनदा हरलेला माणूस पदक कसे घेऊन येतो?

याचे उत्तर त्या वेळच्या हिशेबात आहे. तेव्हा मल्लाच्या नावावर गुण चढत नसत, दोष चढत. हरला की दोष. पंचांच्या कौलावर जिंकला तरी थोडा दोष. समोरच्याला साफ चीत केले तर दोष नाही. ठरावीक दोष साचले की मल्ल बाद; जो कमी दोषांत शेवटपर्यंत टिकला त्याचा क्रमांक वर. ही तंतोतंत गोल्फची बेरीज झाली! तिथेही फटके म्हणजे दोषच. कमी असतील तो बरा. जत्रेच्या न्यायाने पाहिले तर दोन कुस्त्या हरलेल्या माणसाला कोण फेटा बांधतो? तो मान खाली घालून लंगोट वाळत घालायला जातो. म्हणजे ज्या मोजणीला आपल्याकडचे जुने वस्ताद नाके मुरडतात, त्याच मोजणीने आपले पहिले पदक दिले. ही गोष्ट निकाली कुस्तीच्या अभिमान्यांनी, आणि मीही त्यांतलाच, विसरता कामा नये.

त्याच हेलसिंकीची दुसरी बाजूही आहे. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे जी विश्रांती मिळायची ती खाशाबांना मिळाली नाही, आणि त्यांच्या वतीने भांडायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. कागदावरच्या खेळात कागद वाचणारा माणूस आपल्या बाजूला लागतो. मातीत गावच पंचाला जाब विचारते.

कागद किती निष्ठुर असतो याचा एक दाखला गोल्फमधला आहे, तो माझ्या स्नेह्यांनी सांगितला तेव्हा मला खरा वाटेना. १९६८ सालची अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा. अर्जेंटिनाचा रॉबर्टो दे विचेंझो शेवटच्या दिवशी अप्रतिम खेळला. सतराव्या होलला त्याने तीन फटके घेतले. हजारोंनी डोळ्यांनी पाहिले, टेलिव्हिजनवर दिसले. त्याच्या कार्डावर सहखेळाडूने चुकून चार लिहिले. दे विचेंझोने न पाहता खाली सही केली. नियम असा की सही केलेला आकडा जास्त असला तर तोच धरायचा. त्या एका फटक्यापायी त्याची बरोबरी हुकली आणि स्पर्धा दुसऱ्याची झाली. आमच्या परीक्षेतसुद्धा गुणांची फेरमोजणी मागता येते हो!

उलट, जिथे समोर एकच माणूस असतो तिथे एक गोष्ट शक्य होते जी बेरजेत शक्य नसते. ती म्हणजे देणे. मॅच प्लेमध्ये तुमचा चेंडू खळीच्या अगदी काठाशी असला तर मी म्हणू शकतो, ‘राहू द्या, दिला.’ तुम्हाला तो फटका मारावाही लागत नाही. १९६९ साली इंग्लंडात बर्कडेलच्या मैदानावर ब्रिटन आणि अमेरिका यांच्या रायडर कप सामन्यात शेवटच्या होलवर असेच झाले. जॅक निक्लॉसने आपला चेंडू घातला, आणि टोनी जॅकलिनचा दोनतीन फुटांवर उरलेला फटका त्याला देऊन टाकला. सगळा सामना १६–१६ असा बरोबरीत सुटला. त्याच्या संघातले काही जण नाराज झाले म्हणतात. पण त्याला तो अधिकार होता. बेरजेच्या खेळात हेच केले तर ती लबाडी ठरते, कारण तिथे मी तुम्हाला दिलेला फटका हा मैदानावर दूर कुठेतरी खेळणाऱ्या तिसऱ्याच्या खिशातून जातो. हिशेब सगळ्यांचा असतो, म्हणून उदार व्हायचा हक्क कुणालाच नसतो.

मात्र मॅच प्ले म्हणजे निव्वळ भोळीभाबडी रीत आणि मोजणी म्हणजे कारकुनी, असे चित्र मी रंगवले तर ते खोटे ठरेल. माझे स्नेही आणि त्यांचे मित्र असमान आहेत. एक फार चांगला खेळतो, एकाची अजून काठी नीट बसत नाही. तरी ते चौघे आपसांत झुंजी लावतात. कशाच्या बळावर? हँडिकॅपच्या. म्हणजे कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सवलत. आणि ही सवलत किती द्यायची, हे कळते ते आधीच्या कार्डांवरच्या बेरजांवरून! तेव्हा माणसासमोर माणूस उभा करायलासुद्धा मागे कुठेतरी वही लागते. आपल्याकडे तीच वही फेटेवाल्या पंचाच्या डोळ्यांत असते, एवढाच फरक. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात १९३२ साली डॉक्टर स्टेबलफोर्ड या गृहस्थांनी तर एक मधला मार्गच काढला: होलागणिक गुण द्यायचे, आणि एखादा होल पार बिघडला तर शून्य मांडून पुढे चालायचे. तळ्यात बुडालेला रविवार त्यांनी वाचवला. हौशी खेळाडूंत ती रीत आजही चालते.

आता अलीकडची गोष्ट. कुस्तीच्या नियमांत गोल्फचे हे भांडण अक्षरशः तसेच घडलेले आहे, हे मला परवा परवा उमगले. २००५ पासून २०१३ पर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीचे तीन भाग असत, दोन दोन मिनिटांचे. प्रत्येक भागाचा विजेता निराळा. ज्याने दोन भाग घेतले तो जिंकला. एकूण गुणांची बेरीज करायची नाही. समजा, पहिला भाग मी ०–५ असा हरलो आणि पुढचे दोन १–० असे जिंकले. बेरीज माझी दोन, तुमची पाच. पण विजयी मी. हे भाग म्हणजे गोल्फचे होलच झाले! सुशीलकुमारची २००८ आणि २०१२ ची पदके आणि योगेश्वर दत्तचे २०१२ चे, ही याच नियमांतली. त्यात एक विचित्र कलमही होते. भागात कुणालाच गुण मिळाला नाही तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा आणि ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करू द्यायची. चिठ्ठ्या टाकून कुस्ती! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिकच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीच वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जागतिक संघटना खडबडून जागी झाली. मे महिन्यात नियम बदलले: तीन तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुणांची सरळ बेरीज. सप्टेंबरमध्ये कुस्तीचे स्थान राहिले.

या नव्या नियमांत २०१६ साली रिओला साक्षी मलिक ब्राँझपदकाच्या कुस्तीत मध्यंतराला ०–५ अशी मागे होती. दुसऱ्या भागात तिने आठ गुण घेतले, त्यांतले निर्णायक अगदी अखेरच्या सेकंदांत, आणि ८–५ अशी जिंकली. ती कुस्ती ज्याने पाहिली तो गुणांच्या कुस्तीला रूक्ष म्हणायला धजणार नाही.

आपल्याकडे १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीत आज माती विभाग आणि गादी विभाग असे दोन्ही असतात; मल्लाने दोन्ही शिकावे असा त्यामागचा हेतू. वाद मात्र दोन्हीकडे होतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत एका डावाला चार गुण द्यायचे की नाही यावर महाराष्ट्रभर चर्चा पेटली. तेव्हा पारावरची मंडळी म्हणाली, गुणांचा हा परिणाम. निकाली असती तर भांडणच नव्हते. पुढे २०२५ साली अहिल्यानगरला भांडण झाले ते पाठ टेकली की नाही टेकली याच गोष्टीवरून. तेव्हा तीच मंडळी जरा गप्प होती. पाठीची माती दिसते खरी, पण तीही कुणाच्या तरी डोळ्यांनीच पाहावी लागते.

त्या जत्रेतली शेवटची कुस्ती तुम्हाला सांगायची राहिली. दोन तगडे मल्ल, एक आमच्याच तालुक्यातला, दुसरा घाटावरून आलेला. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. खडाखडी झाली, पट झाले, घिस्सा झाला. घाटावरचा मल्ल बहुतेक वेळ वर होता. पाठ काही टेकेना. अंधार पडू लागला, हलगीवाल्याचे हात दुखले असावेत. पंचांनी आपसांत डोकी एकत्र केली आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम अर्धे अर्धे. घाटावरच्या मल्लाचा चेहरा पडला. लोकांनी आरडाओरडा केला, मग दोघांनाही खांद्यावर घेतले.

माझे स्नेही बोटांवर काहीतरी मोजत होते.

“काय मोजताय?” मी विचारले.

“त्या घाटवाल्याचे गुण,” ते म्हणाले. “निदान आठनऊ तरी झाले असते. त्याच्यावर अन्याय झाला.”

म्हातारबाबांनी पुन्हा मान वळवली. “पुढच्या वरसाला येल ना तो,” ते म्हणाले. “हीच जोड लावू.”